अल्झायमर, ईईजी आणि मेंदूचं गणिती मॉडेल: आठ आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप नीट कशी करावी

संगणकीय मेंदूविज्ञानात अल्झायमरवर काम करायचं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर पांढरा कोट, उंदरांचे पिंजरे आणि मायक्रोस्कोप येतो. यातलं काही नसतं. एक लॅपटॉप, दुसऱ्या कुणी आधीच नोंदवून ठेवलेला डेटा, पाच-सहा डिफरन्शियल समीकरणं आणि दर आठवड्याला गाईडपुढे ठेवायची एक आकृती, एवढ्यावर आठ आठवडे जातात. सामान कमी लागतं म्हणून काम सोपं वाटतं आणि मग ‘एआय वापरून अल्झायमरचं लवकर निदान’ असला अवाढव्य विषय घेतला जातो. शेवटी हाती उरतो ९७ टक्के अचूकतेचा एक आकडा, ज्यावर गाईडचाही विश्वास नसतो.

पुढचं सगळं एका ठरावीक प्रकल्पाला धरून लिहिलं आहे. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या रुग्णालयात नोंदवलेल्या खुल्या ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेली मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) डेटावरून अल्झायमरमध्ये मेंदूची लय किती मंदावते ते मोजायचं आणि ती का मंदावत असेल याची एक शक्यता मॉडेलमध्ये तपासायची. भौतिकशास्त्र, गणित, संगणक किंवा जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षापासून पुढच्या कुणालाही हे झेपावं.

प्रश्न निवडताना

विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण चार प्रकारची कामं येतात. पहिलं, ईईजी किंवा एमआरआयच्या नोंदींचं विश्लेषण. दुसरं, हजारो चेतापेशींच्या समूहाला एकच घटक मानणारी ‘न्यूरल मास’ मॉडेलं. तिसरं, टाऊसारखी बिघडलेली प्रथिनं मेंदूतल्या जोडण्यांवरून कशी पसरतात याचं विसरणाचं मॉडेल. चौथं, एकेका पेशीचं किंवा सिनॅप्सचं (दोन पेशींमधल्या सांध्याचं) तपशीलवार मॉडेल. चौथ्याच्या नादी आठ आठवड्यांसाठी लागू नका, लॅबमध्ये तयार कोड असेल तरच घ्या. तिसरं मोहक आहे. २०१२ मध्ये मांडलं गेलेलं हे मॉडेल पायथनमध्ये दहा-बारा ओळींत लिहून होतं, कारण त्यात जोडणीच्या आलेखाचा लाप्लासियन (जोडण्यांवरून बनवलेली मॅट्रिक्स) आणि एक मॅट्रिक्स एक्सपोनेन्शियल एवढंच असतं. पण एंटोऱ्हायनल भागातून सुरुवात करून ‘पाहा, रोग ब्राकच्या टप्प्यांप्रमाणेच पसरला’ (म्हणजे टाऊ मेंदूत पसरण्याच्या ठरलेल्या टप्प्यांप्रमाणे) असं म्हणणं फसवं असतं, कारण जवळचे भाग आधी आणि लांबचे नंतर बाधित होणं हे नुसत्या अंतरावरूनही निघतं. जोडण्या विस्कटलेल्या नकली आलेखावर तेच मॉडेल चालवून तुलना केल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही.

पहिलं आणि दुसरं मिळून मात्र एक छान प्रकल्प होतो. अल्झायमरमध्ये ईईजी मंदावतो हे अनेक दशकांपासून माहीत आहे: थीटा लहरी (४ ते ८ हर्ट्झ) वाढतात, अल्फा (८ ते १३ हर्ट्झ) घटतात, अल्फाचं शिखर (ती सर्वांत जोरकस असते ती वारंवारता) खाली सरकतं. माहीत असलेली गोष्ट पुन्हा मोजण्यात कमीपणा नाही. उत्तर कोणत्या दिशेला यायला हवं ते आधीच ठाऊक असल्याने आपला कोड चुकतोय की नाही, हे चटकन कळतं.

जागा कुठे, अर्ज कसा

बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप असते. मुंबईच्या टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, हरियाणात मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, आयसर पुणे आणि बेंगळुरूत आयआयएससीच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ही बाकीची ठिकाणं. शेवटचं केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागातल्या ग्रामीण लोकांचा दीर्घकालीन अभ्यास करतं, म्हणून डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) रस असलेल्यांनी त्याची माहिती आवर्जून वाचावी. घरबसल्या करायचं असेल तर गूगल समर ऑफ कोड आहे. त्यात आयएनसीएफ ही संस्था मेंदूविज्ञानाच्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प देते. उन्हाळ्याच्या जागांचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. मार्चमध्ये शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो.

दुसरा रस्ता थेट ई-मेलचा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ पॅशनेट अँड हार्डवर्किंग स्टुडंट’ अशी सुरुवात असलेली मेल प्राध्यापकांना रोज येते आणि दुसऱ्या ओळीआधीच बंद होते. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कोणत्या पेपरमधली कोणती आकृती तुम्हाला कळली आणि कुठे अडलात ते लिहा. मग तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोडचा दुवा द्या. तारखा स्पष्ट सांगा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा. सोबत एक पानी सीव्ही. प्रमाणपत्रांची दहा पानं जोडू नका. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग पुढे जावं. तीच मेल एका विभागातल्या आठ जणांना पाठवली तर ते जेवणाच्या टेबलावर एकमेकांना सांगतात, हे ध्यानात असू द्या.

तारखांचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. विद्यापीठाच्या परीक्षा जूनपर्यंत लांबल्या की संस्थेची मेमधली सुरुवात हुकते. विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र, बोनाफाइड आणि शक्यता असेल तर परीक्षेचं वेळापत्रक आधी मिळवा आणि गाईडला खरी तारीख सांगा. इंटर्नशिपचे श्रेयांक हवे असतील तर किती तासांची नोंद लागते, कुणाची सही चालते हेही कॉलेजात आधीच विचारावं. नंतर मागच्या तारखेची पत्रं मागणं कुणालाच आवडत नाही.

जाण्याआधी काय यायला हवं

आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे हाताने २×२ मॅट्रिक्सवर करता यावं. फूरिए रूपांतर सूत्र म्हणून नव्हे, तर ‘चार सेकंदांचा तुकडा घेतला तर किती बारीक वारंवारता ओळखता येईल’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी यायला हवं (उत्तर: पाव हर्ट्झ). पायथनमध्ये नमपाय, सायपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब यांची सवय हवी. ईईजीसाठी एमएनई आणि वर्गीकरणासाठी सायकिट-लर्न नंतर शिकता येतं. न्यूरोमॅच अकॅडमीचा संगणकीय मेंदूविज्ञानाचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम मोफत वाचता येतो. तो पूर्ण नाही, तरी डायनॅमिकल सिस्टिम्सचा भाग सोडवून जा. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) शिका. डीप लर्निंग आधी शिकलंच पाहिजे असं मुळीच नाही. आपल्या प्रकल्पातल्यासारख्या ६५ माणसांच्या डेटावर ते बहुतेक वेळा नुकसानच करतं.

डेटा कोणता घ्यावा

एमआरआयसाठी सगळ्यात प्रसिद्ध संग्रह एडीएनआय. तो अमेरिकेत २००४ साली सुरू झाला. अर्ज करून डेटा वापराच्या अटी मान्य कराव्या लागतात, मंजुरीला वेळ लागतो आणि प्रत्येक वापरणाऱ्याने स्वतंत्र अर्ज करायचा असतो. लॅबमधल्या दादाने पेनड्राइव्हवर दिला, असं चालत नाही. हा डेटा हवाच असेल तर इंटर्नशिप सुरू होण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा. त्याच्या तक्त्यांत ‘नोंद नाही’ यासाठी बऱ्याच ठिकाणी उणे ४ असा आकडा असतो. तो न काढता सरासरी घेतली की गुण विनाकारण खाली येतात. शिवाय फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने एका मेंदूच्या एमआरआयची पूर्ण प्रक्रिया करायला काही तास लागतात, म्हणून शंभर मेंदू लॅपटॉपवर चालवायचा बेत करू नका. तयार मोजमापांचे तक्ते मागा. ओॲसिसचा पहिला संच (१८ ते ९६ वयाच्या ४१६ व्यक्ती) मिळायला सोपा आहे, सरावाला चांगला.

आपल्या प्रकल्पाचा ईईजी संच ओपनन्यूरो या खुल्या संकेतस्थळावर डीएस००४५०४ या क्रमांकाने आहे. अर्ज नाही, मंजुरी नाही, थेट उतरवायचा. एकूण ८८ सहभागी: अल्झायमरचे ३६, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे (मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागांचा वेगळा आजार) २३, निरोगी २९. डोळे मिटून शांत बसलेल्या अवस्थेतली नोंद, डोक्यावर १९ इलेक्ट्रोड, सेकंदाला ५०० सॅम्पल. एका व्यक्तीची नोंद सरासरी बारा ते चौदा मिनिटांची. कच्चा आणि साफ केलेला असे दोन्ही संच मिळून पाच जीबीच्या आसपास जागा लागते. एका व्यक्तीची नोंद मेमरीत सुमारे ६० एमबी होते, तेव्हा ८ जीबीचा साधा लॅपटॉप पुरतो, फक्त ८८ फायली एकदम उघडू नका.

उतरवल्यावर पहिला दिवस सिग्नलला हात न लावता सहभागींच्या तक्त्यावर घालवा. गटाचा रकाना ए, एफ आणि सी या अक्षरांत आहे, सोबत वय, लिंग आणि एमएमएसई या स्मृती-आकलनाच्या चाचणीचे गुण. अल्झायमर आणि निरोगी गटांचं सरासरी वय ६६ आणि ६८ च्या जवळपास, म्हणजे जुळतं आहे. लिंगाचं प्रमाण स्वतः मोजा. एमएमएसईची सरासरी अल्झायमर गटात १८ च्या, तर फ्रंटोटेम्पोरल गटात २२ च्या आसपास आहे. हे वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे लागेल.

एक इशारा इथेच. एमएमएसईत वाचन-लेखनाचे प्रश्न असतात, त्यामुळे शिक्षणाचा गुणांवर मोठा परिणाम होतो. निरक्षर वृद्धांसाठी आपल्याकडे एचएमएसई ही हिंदीतली वेगळी चाचणी तयार करावी लागली आणि लासी-डॅड या देशव्यापी पाहणीत तीच वापरली गेली. त्याच पाहणीवरून भारतात साठीवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या घरात, डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. ग्रीसमधल्या गुणांची रेष या लोकांवर ओढायची नाही.

सिग्नल साफ करणं

आधी डोळ्यांनी पाहा. किमान दहा जणांची नोंद दहा-दहा सेकंदांच्या पानांत सरकवत पाहिल्याशिवाय कोणताही फिल्टर लावू नका. डोळ्यांची हालचाल कपाळावरच्या एफपी१-एफपी२ वर, जबड्याचे स्नायू कानशिलाजवळच्या टी३-टी४ वर, सैल इलेक्ट्रोड एकाच वाहिनीवर: ही ओळख पटली की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

मग ०.५ ते ४५ हर्ट्झचा बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त त्या पट्ट्यातल्या लहरी ठेवायच्या. ग्रीसची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची असल्याने ती यातच जाते. स्वतंत्र घटक वेगळे करायला, म्हणजे आयसीएसाठी, नोंदीची एक प्रत १ हर्ट्झपासून फिल्टर करा, कारण संथ वाहत जाणारा भाग आयसीएला बिघडवतो. त्यातून मिळालेले घटक मग मूळ ०.५ हर्ट्झच्या प्रतीवर लावा. सरासरी रेफरन्स घेतलात (प्रत्येक वाहिनीतून सगळ्यांची सरासरी वजा केलीत) तर १९ वाहिन्यांची रँक, म्हणजे स्वतंत्र वाहिन्यांची संख्या, १८ होते. तरीही १९ घटक मागितले की एक घटक कचरा येतो किंवा प्रोग्राम कुरकुरतो. १८ मागा. डोळ्यांचे एक-दोन घटक काढले की थांबा. शंका आली म्हणून सात-आठ काढणारा विद्यार्थी अल्फाही सोबत फेकून देतो.

संचाच्या लेखकांनी स्वतः साफ केलेली आवृत्तीही दिली आहे. दोन्हींवर तेच मोजमाप करा. निकाल उलटत असेल तर तो तुमच्या सफाईचा गुण आहे, रोगाचा नाही, आणि तसं अहवालात लिहायला हवं.

आता सगळ्यात मोठा सापळा: पेंग. डोळे मिटून बारा-चौदा मिनिटं बसलेला माणूस डुलक्या घेऊ लागतो आणि पेंगेत अल्फा घटतो, थीटा वाढतो. बरोबर अल्झायमरसारखंच! यावर पूर्ण इलाज नाही. पण नोंद तीन भागांत तोडून पहिल्या भागाची शेवटच्या भागाशी तुलना करता येते. गटांमधला फरक पहिल्या मिनिटांतही दिसत असेल तर भरवसा वाढतो, फक्त शेवटी दिसत असेल तर तुम्ही झोप मोजली. दुसरी अडचण औषधांची. अल्झायमरवरची डोनेपेझिलसारखी औषधं ईईजीची मंदता काही अंशी उलटवतात, म्हणून औषधांची माहिती हाती नसेल तर फरकाच्या आकाराबद्दल जपून बोला.

शिखर मोजणं

वेल्च पद्धतीने पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेवर किती जोर आहे याचा आलेख) काढा: चार सेकंदांच्या, म्हणजे २००० सॅम्पलच्या खिडक्या, निम्मा भाग एकमेकांवर चढवून. एक सेकंदाची खिडकी घेतली तर वारंवारता एकेका हर्ट्झच्या पायरीने मिळते आणि पाऊण हर्ट्झची घसरण दिसतच नाही. पहिल्याच आठवड्यात ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची खिडकी एकदा तपासून पाहावी.

मग पी३, पीझेड, पी४, ओ१, ओ२ या मागच्या पाच इलेक्ट्रोडची सरासरी घ्या, कारण मिटल्या डोळ्यांचा अल्फा तिथेच जोरकस असतो. शिखर ५ ते १३ हर्ट्झमध्ये शोधा. पुस्तकी ८ ते १३ मध्ये शोधलंत तर ज्याचं शिखर ७.२ ला आहे त्याला संगणक ८.० लिहितो आणि नेमके आजारी लोक ८ वर गर्दी करतात. काहींना शिखरच नसतं. त्यांच्यासाठी जबरदस्तीने आकडा काढू नका, रकाना रिकामा ठेवा आणि कोणत्या गटात किती रिकामे आहेत ते नोंदवा. ती संख्याच बोलकी असू शकते.

इथे विचार करायला लावणारी गोष्ट अशी की अल्फाचं शिखर साडेनऊवरून साडेसातवर घसरलं तर ठरावीक बँडच्या हिशेबात अल्फा कमी आणि थीटा जास्त निघतो. दोन बदल दिसतात, घडलेला असतो एकच. शिवाय स्पेक्ट्रमचा मूळ उतार, वारंवारतेबरोबर पॉवर घटत जाण्याचा, माणसागणिक वेगळा असतो. म्हणून २ ते ४० हर्ट्झमध्ये स्पेकपॅरम या लायब्ररीने (जुनं नाव फूफ) उतार आणि शिखरं वेगळी करा आणि शिखराची वारंवारता, शिखराची उंची, उतार या तीनच गोष्टींवर गटांची तुलना करा. १९ इलेक्ट्रोड गुणिले ५ बँड म्हणजे ९५ चाचण्या झाल्या. काहीही फरक नसताना त्यातल्या चार-पाच ०.०५ च्या खाली येणारच. तीन गोष्टी आधी ठरवून वहीत तारखेसह लिहिल्या की हा मोह टळतो. निरोगी माणसाचंही शिखर वयाबरोबर खाली येतं, म्हणून वय हिशेबात धरायचं.

फ्रंटोटेम्पोरल गट इथे कामाला येतो. तुमचं माप दोन्ही आजारी गटांना निरोगी गटापासून वेगळं करतं, पण एकमेकांपासून नाही, तर ते डिमेन्शिया मोजतंय, अल्झायमर नाही. आणि दोन्हींत फरक दिसला तरी १८ विरुद्ध २२ चा एमएमएसईचा फरक विसरू नका. एक गट नुसता जास्त आजारी असू शकतो.

वर्गीकरण करायचंच असेल तर

गाईड सहसा ‘एक क्लासिफायरही लावून बघ’ म्हणतातच. लावा, पण मोजणी माणसागणिक करा. चार सेकंदांचे तुकडे करून ते सरमिसळ केले की एकाच आजोबांचे काही तुकडे ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये जातात. क्लासिफायर मग आजार शिकत नाही, आजोबांना ओळखायला शिकतो: त्यांच्या कवटीची जाडी, त्या दिवशीचा इलेक्ट्रोड, त्यांच्या अल्फाचा आकार. ९७ टक्के येतात ते इथून. ही नवशिक्यांचीच चूक आहे असंही नाही. एमआरआयवरून अल्झायमर ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक अभ्यासांमध्ये अशा गळतीची (टेस्टचा डेटा ट्रेनिंगमध्ये झिरपण्याची) शक्यता आढळली होती.

सायकिट-लर्नमधलं ग्रुप-के-फोल्ड वापरा आणि गट म्हणून सहभागीचा क्रमांक द्या. आकड्यांचं स्केलिंग आणि वैशिष्ट्यांची निवड पाइपलाइनच्या आत ठेवा. सगळ्या डेटावर स्केलिंग करून मग विभागणी केली तर तीही गळतीच. लॉजिस्टिक रिग्रेशनपासून सुरुवात करा. ३६ आणि २९ मिळून ६५ जण, सगळ्यांना डोळे झाकून ‘अल्झायमर’ म्हटलं तरी ५५ टक्के बरोबर येतात. तुमचा मुकाबला ५० शी नसून ५५ शी आहे. ६५ पैकी ५२ बरोबर आले तर ८० टक्के झाले, पण एवढ्या थोड्या माणसांत त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ७० ते ९० अशी पसरलेली असते. मॉडेल बदलून ८० चे ८२ झाले, म्हणजे एका-दोघांचं लेबल फिरलं, त्याला सुधारणा म्हणू नये. शेवटी गटांची लेबलं माणसांमध्ये हजार वेळा पिसून तीच प्रक्रिया चालवा आणि खरा आकडा त्या ढिगात कुठे बसतो ते दाखवा.

मॉडेल: यान्सेन-रिट

१९९५ चं यान्सेन-रिट मॉडेल तीन समूहांचं आहे: पिरॅमिडल पेशी, उत्तेजक पेशी, निरोधक पेशी. सहा पहिल्या क्रमाची समीकरणं. मूळ मूल्यं अशी: उत्तेजक प्रतिसादाचा गुणक ३.२५ मिलिव्होल्ट आणि वेग सेकंदाला १००, निरोधकाचा गुणक २२ मिलिव्होल्ट आणि वेग सेकंदाला ५०, जोडण्यांचा आकडा १३५ आणि बाकीच्या तीन जोडण्या त्याच्या ०.८, ०.२५ आणि ०.२५ पट. सिग्मॉइडचा (विभवावरून स्पंदनांचा दर ठरवणाऱ्या वक्राचा) उंबरठा ६ मिलिव्होल्ट, उतार ०.५६, कमाल दर सेकंदाला ५. बाहेरून येणारा प्रवाह सेकंदाला १२० ते ३२० स्पंदनं. ईईजी म्हणून पाहायचा तो पिरॅमिडल समूहावरच्या उत्तेजक आणि निरोधक विभवांमधला फरक. या मूल्यांना १० हर्ट्झच्या आसपास अल्फा मिळायला हवा. तो मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

न मिळण्याची कारणं बहुधा दोन. एक, सेकंद आणि मिलिसेकंद यांची सरमिसळ. द व्हर्च्युअल ब्रेन या सॉफ्टवेअरमध्ये वेळ मिलिसेकंदांत असतो, म्हणून १०० च्या जागी ०.१ आणि ५० च्या जागी ०.०५ दिसतं, आणि उंबरठ्याचं तयार मूल्यही ६ नसून ५.५२ आहे. पेपरमधले आणि सॉफ्टवेअरमधले आकडे अर्धे-अर्धे घेतले की मॉडेल गप्प बसतं. दोन, गोंगाट. दर पायरीला १२० ते ३२० मधला नवा आकडा उचलला तर पायरी निम्मी केल्यावर गोंगाटाची परिणामकारक ताकदही निम्मी होते आणि निकाल पायरीवर अवलंबून राहतो. म्हणून आधी प्रवाह २२० वर स्थिर ठेवून, ०.१ मिलिसेकंदाच्या पायरीने, गोंगाटाविना चालवा. पहिली दोन सेकंदं टाकून द्या. पायरी निम्मी करून तेच उत्तर येतं का पाहा. गोंगाट नंतर घाला, पायरीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

कोड बरोबर आहे याची एक पक्की चाचणी आहे, जी कागदावर सिद्ध करता येते. दोन्ही वेग ०.८ पट करा (८० आणि ४०) आणि दोन्ही गुणकही ०.८ पट (२.६ आणि १७.६). वेळ बदलून लिहिलं की समीकरणं जशीच्या तशी उरतात, म्हणून स्थिर प्रवाहावर शिखर नेमकं ०.८ पट व्हायला हवं. १०.० असेल तर ८.०. नाही झालं तर कुठेतरी एखादा वेग गुणायचा राहिला आहे.

मग प्रयोग. अल्झायमरमध्ये निरोधक पेशींचं काम बिघडतं आणि अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांजवळच्या पेशी अतिसक्रिय होतात, असं उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. २०१९ च्या एका अभ्यासात एडीएनआयमधल्या व्यक्तींच्या पेट स्कॅनवरचा अमायलॉइड थेट या मॉडेलच्या निरोधक कालस्थिरांकाशी जोडला होता. तुम्ही निरोधक कालस्थिरांक (१ भागिले वेग) मूळ २० मिलिसेकंदांपासून एकेक मिलिसेकंदाने वाढवत जा आणि दर वेळी शिखर नोंदवा. पण वेग कमी करून गुणक २२ च ठेवला तर निरोधाचा एकूण परिणाम, म्हणजे गुणक भागिले वेग, वाढतो. निरोध संथ झाला आणि जडही झाला. दोन बदल एकदम! म्हणून दोन मालिका करा: एकीत गुणक २२ वर स्थिर, दुसरीत परिणाम ०.४४ वर स्थिर (वेग ४० तर गुणक १७.६). दोन वक्र शेजारी ठेवलेली ही आकृती तुमच्या अहवालातली सर्वांत कामाची आकृती ठरेल.

शिखर हळूहळू घसरेल अशी अपेक्षा ठेवून बसू नका. हे मॉडेल उड्या मारतं. मूळ मूल्यांवरही प्रवाह साधारण ११४ ते १३७ च्या पट्ट्यात असताना दोन लयी शक्य असतात: लहान अल्फा आणि मोठे, अणकुचीदार, संथ फेरे. कोणती मिळणार हे सुरुवातीच्या मूल्यांवर ठरतं. तुमच्या आलेखात अचानक पायरी दिसली तर ती लपवू नका. प्रवाह वर नेताना आणि खाली आणताना असा दोनदा चालवून पाहा. वाट वेगळी निघाली तर ती द्विस्थिरता आहे, चूक नाही.

आणि निष्कर्ष लिहिताना हात आखडा. या ईईजी संचात पेट स्कॅन नाही, पाठीच्या मणक्यातल्या द्रवाची तपासणी नाही, आहे ते डॉक्टरांचं निदान आणि एमएमएसई. ‘अमायलॉइडमुळे लय मंदावली’ असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की निरोधाचा एवढा बदल एवढी घसरण घडवू शकतो. जोडण्यांचा १३५ हा आकडा कमी करून काय होतं तेही दाखवा, कारण सिनॅप्स गळून जाणं हाही तितकाच योग्य उमेदवार आहे. दोघांपासून सारखाच स्पेक्ट्रम निघाला तर तो निकाल छापण्यासारखा आहे.

आठवड्यांचा हिशेब

पहिला आठवडा डेटा पाहण्यात आणि संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्यात जातो. लायब्ररींच्या आवृत्त्या फायलीत लिहून ठेवा. दुसरा-तिसरा सफाई आणि स्पेक्ट्रम, चौथा सांख्यिकी. पाचवा-सहावा मॉडेल. सातव्यात नवीन काही सुरू करायचं नाही, फक्त आकृत्या. आठवा लेखन. चौथ्या आठवड्यात मागे पडलात तर क्लासिफायर सोडा, मॉडेल सोडू नका. गाईड परिषदेला गेले तर अडून राहू नका. लॅबमधल्या पीएचडीच्या ताई-दादांना विचारा, पण ‘चालत नाहीये’ असं न सांगता, काय अपेक्षित होतं, काय आलं आणि कोणत्या ओळीपर्यंत तपासलं हे घेऊन जा.

कोड रोज गिटवर चढवा, डेटा कधीच नाही. ओपनन्यूरोचा संच खुला आहे, पण एडीएनआयची एखादी सीएसव्ही चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली तर तो कराराचा भंग होतो आणि फाइल नंतर पुसली तरी ती इतिहासात राहते. सुरुवातीलाच गिटइग्नोअरमध्ये डेटाचा फोल्डर टाका. लॅबचा स्वतःचा भारतीय डेटा मिळणार असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी कोणत्या कामासाठी आहे आणि त्यात तुमचं काम बसतं का, हे गाईडना पहिल्या दिवशी विचारा.

घरी ‘अल्झायमरवर काम करतो’ असं सांगितलं की कुणीतरी आपल्या आजीचे रिपोर्ट पुढे करणार हे ठरलेलं. त्यांच्यावर तुमचा कोड चालवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. विसरभोळेपणाची काही कारणं, थायरॉइड किंवा बी१२ ची कमतरता, उपचाराने सुधारणारी असतात आणि ती रक्ततपासणीत कळतात, ईईजीच्या स्पेक्ट्रममध्ये नाही.

लॅब सोडण्याआधीच्या आठवड्यात तीन गोष्टी गाईडशी समोरासमोर बोलून घ्या: काम पुढे छापलं गेलं तर लेखकांत नाव कशाच्या आधारावर येईल, कोड कोणत्या परवान्याखाली उघडा करायचा आणि शिफारसपत्र मिळेल का. पत्र लिहायला सोपं जावं म्हणून काय केलं याचे चार-पाच मुद्दे स्वतःच लिहून द्या. मग रिकाम्या संगणकावर, फक्त रीडमी वाचून, तुमच्या सगळ्या आकृत्या पुन्हा निघतात का हे लॅबमधल्या दुसऱ्या कुणाला करून पाहायला सांगा. जिथे तो अडेल, तिथे रीडमीत एक ओळ वाढवा.